तेल लावताना ती काय बोलते

पुणे
४ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

दिवाळीत शेलूबाजारला आले तेव्हा तू विचारलंस, "नोकरी सोडून तू करून काय राह्यली?" मी तुझ्या पाटीवर नुसतं "व्हिडिओ" असं लिहिलं. तू मान डोलावलीस, पण तुझा चेहरा पाहून कळलं की तुला वाटलं, पोरगी नाचते. म्हणून आज सविस्तर लिहिते. तुला फोन करून उपयोग नाही आणि गणेशदादाचा मोबाईल दिवसभर त्याच्याबरोबर जीपमधून वाशिमच्या खेपा करत असतो. तेव्हा पत्रच बरं.

गेल्या वर्षी माझी झोप पार उडाली होती. गोळ्या झाल्या, योगासनं झाली. मग एका मैत्रिणीने एक व्हिडिओ पाठवला. त्यात कुणी परदेशी बाई टॉवेलच्या घड्या घालते. बोलत नाही, तोंडही दिसत नाही. घड्या झाल्या की ब्रशने केस विंचरते, मग कागद उलगडते. मला हसू आलं. मग हेडफोन लावून ऐकलं आणि मानेपासून पाठीपर्यंत झिणझिण्या उतरल्या. लहानपणी तू माझ्या डोक्यातल्या उवा काढायचीस तेव्हा यायच्या, अगदी तशा. कधी झोपले कळलं नाही. आत्या, जगभर लाखो माणसं असे आवाज ऐकून झोपतात. मीही ते करायला लागले. माझ्या चॅनलचं नाव "निवांत कान".

यात एक मेख आहे. एका माइकवर घेतलेला आवाज सपाट लागतो. दोन कानांत दोन माइक घालून घेतला तर ऐकणाऱ्याला तो खराच आपल्या उजवीकडून, डावीकडून, पाठीमागून येतोय असं वाटतं. मधे डोकं मात्र हवं. त्यासाठी रबरी डोकी मिळतात. मी माझंच वापरते, पण ऐकू येणारा माणूस आवाज झाला की मान वळवतो आणि मान वळली की ऐकणाऱ्याचं सगळं जग गरकन फिरतं. दिवाळीत गणेशदादाने तुझ्या पाठीमागे लवंगी फटाके लावले आणि तू शांतपणे करंज्या भरत राहिलीस. तेव्हाच मनात आलं, हिच्यासारखं डोकं शोधून सापडणार नाही. राग मानू नकोस.

वर्षाराणी वहिनी दर रविवारी तुझ्या डोक्याला तेल लावतात ना? ते मला हवं आहे. सोबतच्या डबीत मटाराएवढे दोन माइक आहेत, ते कानांत बसव. सोबतच्या रेकॉर्डरचं लाल बटण दाब. झालं की आतलं छोटं कार्ड काढून पाकिटातून पाठव. वहिनींना सांग, फोटो नाही, चेहरा नाही, फक्त तेलाचा आणि फणीचा आवाज.

तुझी,
वैभवी

---

शेलूबाजार
१९ डिसेंबर २०२४

चि. वैभवीले तिच्या पंचफुला आत्याचा आशीर्वाद.

डबी पोचली. मटार कानात बसले. टायफॉइडनं कान गेल्यापासून त्यायले काही कामच नव्हतं, तू नोकरी लावून देली. अंगणवाडीत होती तवा पोट्ट्यायचा कल्ला ऐकून रोज म्हणो, कान फुटले तर बरं होईल. देवानं तेवढंच ऐकलं.

रविवारी पुतळ्यावानी बसली. वर्षाराणीले सांगितलं का हे तेलाचा आवाज पकडते. ती हासली अन मान सरळ केली माही. कार्ड पाठवून राह्यली आहे.

आता माहं एक काम कर. गेल्या साली माहा नातू हरीओम गेल्यावर घराचं कसं झालं होतं ते तू पाह्यलंच. अकरा महिन्याचं पोरगं तापात गेलं. कोणी कोणाशी बोले ना. मले ऐकू येत नाही, पण ओठ हलले का दिसते. ओठच हलत नव्हते. मंग एक दिवस ही तेलाची वाटी घेऊन माह्या मागं येऊन बसली. तवापासून दर रविवारी बसते. अन बोलते वैभवी, सारखी बोलते! मले मानेले तिचा श्वास लागतो, गरम गरम. मागं असते म्हणून ओठ दिसत नाहीत. वळून पाह्यलं तर हासते, पाटी पुढं केली तर मान हलवते का काही नाही. काय बोलत असन? धनजचं, माहेरचं बोलत असन. नाहीतर पोराचं.

त्या दिवशी तो माह्यापाशीच होता. हे दोघं वावरात सोयाबीन काढाले गेलते. माह्याच गोधडीत झोपला अन उठला नाही. तिनं मले एका शब्दानं बोल लावला नाही. दुसरी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

तुह्या यंत्रात तिचं बोलणं आलं असन तर मले लिहून पाठवजो.

आत्या

---

पुणे
८ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. कार्ड वेळेवर मिळालं होतं.

काय सांगू तुला! हेडफोन लावला आणि माझं डोकं माझं राहिलं नाही, तुझं झालं. डाव्या बाजूला वाटी ठेवल्याचा टक् आवाज. तळहातावर तळहात चोळल्याचा. मग बोटं केसांत शिरली ती थेट माझ्या टाळूवर. फणी कपाळापासून मागे जाताना डोळे आपोआप मिटले. मी खुर्चीत बसले होते पुण्यात आणि होते तुमच्या ओसरीवर.

वहिनी फार हळू बोलतात. मला ते पुन्हा पुन्हा लावून ऐकावं लागलं. तू विचारलंस म्हणून लिहिते. त्या म्हणतात, "आई, तुमचे केस अजून किती दाट आहेत! आई, तुम्ही फार कामं करू नका, दमता. आई, मला तुमच्याशिवाय कोण आहे?" असंच सगळं. हरीओमचंही येतं मधे, पण थोडंसं. कुठलीही आई बोलेल तेवढंच.

व्हिडिओ टाकला. इतका ऐकला गेला की मी दोन दिवस नुसती आकडे बघत होते. नॉर्वेची एक नर्स लिहिते, मला भाषा कळत नाही, पण हा आवाज मानेमागे आला की कुणीतरी माझी काळजी घेतंय असं वाटतं. लोक पुढचा भाग मागतात. अजून कार्डं पाठव. रेकॉर्डर सुरू असताना तू मात्र बोलू नकोस.

मी बोलणं ऐकलं हे वहिनींना सांगू नकोस. त्यांना संकोच वाटेल.

तुझी,
वैभवी

---

शेलूबाजार
१८ जानेवारी २०२५

चि. वैभवी,

तुहं पत्र उशीखाली घेऊन झोपतो.

आई म्हणते मले! समोर आत्याबाई म्हणते. आमच्या इकडं सून सासूले आत्याबाईच म्हणते, मी बी माह्या सासूले तेच म्हणत होती. आई कोणी म्हणत नाही. आई म्हणाले मन लागते. अन ही पोरगी मागून मले आई म्हणते, समोर लाजते.

तू सांगू नको म्हटलं होतं, पण माह्यानं राहवलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले बाया बसल्या होत्या, भिंतीपल्याडची सोनीबाई बी होती. सगळ्यायसमोर म्हटलं, "वर्षे, मागून आई म्हणते तर तोंडावर म्हणाले काय झालं?" तिचं तोंड पाहासारखं झालं. हातातलं तिळगुळाचं ताट पडलं. मी तुहं पत्र दाखवलं. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, नीट घडी घालून मले वापस देलं अन आत गेली. सोनीबाई बी उठून गेली, कुंकू न लावता. मी बायायले म्हटलं, लाजली माही सून.

आता मोठी गोष्ट. मार्चात वाशिमले कानाच्या मशीनचं शिबिर आहे. फुकट देतात. पहिले पाह्यलं तवा डॉक्टर म्हणे डाव्या कानात थोडी जान आहे, पण तवाच्या मशीन बेकार होत्या. आता म्हणे कुजबुज बी ऐकू येते. वैभवी, ती लग्न होऊन आली तवा माहे कान गेलेले होते. माह्या सुनेचा आवाज कसा आहे ते मले माहीत नाही. हरीओमचा बी मले माहीत नाही, तो रडे कसा, हासे कसा. तो तर गेला. हिचा तरी ऐकू येऊ दे एकदा. माही दुसरी काही इच्छा नाही.

जाऊ का शिबिराले? तू शिकलेली आहे, तू म्हणशीन तसं करीन. दोन कार्डं घातली आहेत.

आत्या

---

पुणे
२७ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

मी इथल्या एका कानाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी मशीन लावलं तर नुसती शिट्टी वाजते, डोकं भणभणतं, चक्कर येते. शिबिरातली मशीनं तर हलकी असतात. बोलणं कळत नाही, फक्त गोंगाट वाढतो. माझं ऐक, जाऊ नकोस. तुला काय ऐकायचं ते मी ऐकते आहेच आणि तुला लिहिते आहेच.

या कार्डांवर वहिनी म्हणतात, "आई, तुम्ही आहात म्हणून हे घर आहे." अजून काय हवं?

एक विनंती. दुसऱ्या कार्डात तू मधेच खोकलीस. खोकला आला तर आधी पाणी पी.

तुझी,
वैभवी

---

शेलूबाजार
४ फेब्रुवारी २०२५

वैभवीताई,

माहं पत्र पाहून दचकू नका. आठवी शिकली हाय मी, लिहिता येते.

मी आत्याबाईले जिंदगीत आई म्हनलं नाही. आमच्या धनजात बी नाही अन इथं बी नाही. सासूले आई म्हनाची चाल तुमच्या पुन्याची. तुमी खोटं लिवलं ते बी तुमच्याच भाषेत लिवलं. "मला तुमच्याशिवाय कोण आहे" म्हने. मी कदी "मला" म्हनतो काय?

मले वाटलं होतं का बहिऱ्या कानात घातलं ते बी बहिरंच असन. पत्र वाचलं तवा समजलं, तुमी सारं ऐकून राह्यल्या. आत्याबाईपाशी तुमचं पहिलं पत्र होतं, त्याच्यात तुमच्या चॅनलचं नाव होतं. स्टँडवरच्या सैफुद्दीनभाईच्या मोबाईलच्या दुकानात गेली. त्यायनं लावलं, पहिले सोता ऐकलं. मंग हेडफोन माह्या हातात देला अन दुकान सोडून पायरीवर जाऊन उभे राह्यले, माह्याकडं पाठ करून.

मी काय बोलतो ते तुमाले माहीत हाय, तरी लिवतो. कोनीतरी खरं लिवलं पाह्यजे.

मी म्हनतो, बुढे, तो रडत होता. तू पाठ करून तूर निवडत होती. सोनीबाईले भिंतीपल्याड ऐकू गेलं, तिले वाटलं आजी हाय जवळ, होईल गप. इचू चावला होता त्याले, बुढे, पायाले. रडून रडून त्याचा आवाज गेला. मंग तुनं वळून पाह्यलं अन तुले वाटलं झोपला. गोधडी पांघरली तू त्याच्यावर. मी वावरातून आली तवा तू तोंडावर बोट ठेवून मले म्हने, हळू, पोरगं झोपलं.

डॉक्टरनं डंख दाखवला पायावरचा. तुमच्या भावानं दवाखान्यातच सगळ्यायले शपथ घातली. मायले सांगाचं नाही, ते मरून जाईन, ताप म्हना. माह्या पोटचं गेलं अन मीच लोकायले ताप सांगत फिरली. बोलल्याबिगर माहा जीव फुटत होता. मंग समजलं का यायच्या मागं बसून बोललं तर कोनालेच ऐकू जात नाही. जोरात बोलली तर सोनीबाई ऐकन, म्हनून हळू बोलतो. हात तेलाचे अन तोंड जहराचं. तेवढ्यावर जगून राह्यली मी.

सैफुद्दीनभाईनं खालचं लिवलेलं वाचून दाखवलं. कोनी म्हनते हा आवाज आईच्या कुशीवानी हाय. कोनी म्हनते लहान लेकराले हे लावून झोपवतो. माह्या लेकराच्या मरनावर दुनिया झोपून राह्यली, ताई. त्यायले मराठी येत नाही. तुमाले येते.

ते काढून टाका.

वर्षाराणी

---

पुणे
१३ फेब्रुवारी २०२५

वर्षाराणी वहिनी,

तुमचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. हरीओमचं मला त्या कार्डावरूनच कळलं. त्याआधी आम्हा सगळ्यांना तापच सांगितला होता. दोन दिवस मी जेवले नाही. आत्याला खरं लिहिणं शक्य नव्हतं, म्हणून दुसरं लिहिलं. तेव्हा चुकीचा शब्द पडला, पण हेतू चुकीचा नव्हता.

व्हिडिओबद्दल. जिथे हरीओमचं नाव येतं तिथे मी फणीचा आवाज वाढवला आहे. जे ऐकतात त्यांना शब्द कळत नाहीत. एका मराठी बाईला कळले, तिने खाली लिहिलं, ते मी लगेच काढलं. बाकीच्यांपर्यंत तुमचं दुःख पोचतच नाही, पोचतो फक्त आवाज. आणि वहिनी, तुमच्या आवाजात जे आहे ते मी सहा महिने स्टुडिओत बसूनही आणू शकले नसते. खोटं सांगत नाही, मला स्वतःलाही आता तोच लावल्याशिवाय झोप येत नाही.

एवढ्या लोकांच्या उपयोगाची गोष्ट एकदम काढून टाकणं मला योग्य वाटत नाही. चॅनल आत्ता कुठे उभं राहतंय.

तुम्ही आत्याला काही सांगणार नाही याची मला खात्री आहे. या वयात तिला ते झेपणार नाही. गणेशदादालाही यातलं काही माहीत नसावं. शपथेचा मान दर रविवारी कसा राखला जातो हे त्याला माझ्याकडून कळावं, असं मला वाटत नाही. तुम्हालाही वाटत नसणार.

आपण दोघी समजूतदार आहोत. जसं चाललं आहे तसं चालू द्या.

वैभवी

---

शेलूबाजार
२४ फेब्रुवारी २०२५

चि. वैभवी,

हे कार्ड पाठवून राह्यली, पण त्याच्यात काही असन असं वाटत नाही.

वर्षाराणी तेल लावते, पण बोलत नाही. मानेले श्वास लागत नाही. तेल लावते, वेणी घालते, उठून जाते. सहा रविवार झाले. मी पाटीवर लिहून विचारलं, माहं काही चुकलं काय? तिनं पुसून टाकलं. गणेशले विचारलं तर तो म्हणे, आई, तुले उगाच वाटते.

समोर आई म्हण म्हटलं तेच चुकलं. जे मागून देत होती ते बी बंद केलं. बायायसमोर बोलली ते तर फारच चुकलं.

तुले काही लिहिलं असन तिनं तर सांग. तुह्याशी बोलत असन तर सांग, का आत्याले काही नको, समोर आत्याबाईच म्हण, जन्मभर म्हण, पण मागं बसून बोलत जा. मले ऐकू येत नाही तर काय झालं, मले कळे.

शिबिराचा विचार सोडला. तू म्हटलं तसंच. जे बोलतच नाही ते मशीननं काय ऐकू येणार?

आत्या

---

पुणे
१ मार्च २०२५

वहिनी,

नव्या कार्डावर तुमचा आवाज नाही. नुसती फणी आहे. ऐकणारे रोज विचारतात, त्या बाई कुठे गेल्या?

आत्याचंही पत्र आलं. तुम्ही बोलत नाही म्हणून ती रडकुंडीला आली आहे. म्हणजे तिलाही हवं आहे, तुम्हालाही हवं होतं. मग थांबवता कुणासाठी? तुमच्या मनात जे येईल ते बोला. आधी बोलत होतात तेच बोला. मी एकही शब्द आत्यापर्यंत पोचू देणार नाही, याची हमी देते.

येत्या रविवारपासून सुरू करा.

वैभवी

---

शेलूबाजार
६ मार्च २०२५

वैभवीताई,

बरं. बोलतो.

पहिले मी अंधारात बोलल्यावानी बोलत होती. आता बोलाले बसली का तुमी दिसता मले, डोळे मिटून पडलेल्या. तोंडातून शब्द निघत नाही. याच्यापुढं कोनी ऐकन तर ज्यायच्यासाठी हाय त्यायनंच ऐकाव.

तुमच्या भावाची शपथ अशी होती का मायले सांगाचं नाही. मी काही सांगत नाही. दर रविवारी जे बोलतो तेच बोलीन, तितकंच हळू. ऐकू येईन का नाही ते त्यायच्या कानावर.

शनिवारी मीच त्यायले वाशिमले घेऊन जातो, शिबिराले. तुमच्या भावाले सांगितलं, ते तर खूश झाले. म्हने, तुले माह्या मायची लय काळजी.

हे पत्र तुमाले भेटीन तवा रविवार होऊन गेला असन.

वर्षाराणी

---

शेलूबाजार
९ मार्च २०२५, रविवार

चि. वैभवी,

तू रागावशीन, पण मी शिबिराले जाऊन आली. मी नाहीच म्हणत होती. वर्षाराणीनं पाटीवर लिहिलं, "चला, मी नेतो." मले तर खरंच वाटे ना. गणेशची जीप, पुढच्या सीटवर मी अन ती. सगळ्या रस्त्यानं तिनं माहा हात धरून ठेवला.

शिबिरात एक पोरगी होती मशीन लावणारी. तिनं डाव्या कानात घातली अन माह्या मागं जाऊन हळूच म्हणे, "आजी, तुमचं नाव काय?" मी म्हटलं, पंचफुला. सगळे हासले. मले हासणं ऐकू आलं! शिट्टी नाही वाजत वैभवी, चक्कर नाही. तुह्या डॉक्टरले कोणतं तरी जुनं मशीन माहीत असन.

वर्षाराणी तवा बाहेर उभी होती. मशीन डबीत घातली अन तिनं पाटीवर लिहिलं, "रस्त्यानं घालू नका, गाड्यायचा आवाज लय. उद्या तेल लावतो तवा घालजा. पहिले माहाच आवाज ऐकजा." मी डबी पदरात बांधून आणली. रात्रभर हात लावला नाही.

आता घातली आहे. तेल तापेपर्यंत म्हटलं तुले चार ओळी लिहाव. तुले सांगतो, हा कागदावर पेन चालते न, त्याचा आवाज येते. खसखस, खसखस. मी लिहिणं थांबवतो अन पुन्हा लिहितो, नुसतं ऐकाले. चिमणी आहे कुठंतरी. सोनीबाई तिकडं भांडे घासून राह्यली, ते भिंतीतून येते. मले वाटे भिंतीपल्याडचं कोणालेच ऐकू येत नसन. आता समजलं तू कायच्या मागं लागली ते. एवढं सारं सारखं वाजत राहते अन माणसं ऐकत बी नाहीत.

आता तुले तिचं बोलणं लिहून पाठवाची तकलीफ नाही. तू लय केलं माह्यासाठी.

ती आली. वाटी ठेवली, ते ऐकू आलं. मागं बसली. तिच्या बांगड्या किती हळू वाजतात, पाह्य. तिनं माही मान सरळ केली. म्हणते, पेन ठेवा. वैभवी, आवाज तर लय गोड आहे माह्या सुनेचा. थांब, ती बोलाले लाग

---

हे पत्र आत्याबाईनं इथंच सोडलं. पाकिटावर पत्ता मी घातला.

वर्षाराणी